आधी काय तुटावं : रिळाचे सुटे भाग घडवण्याविषयी

गळाला लागलेला वीस किलोचा मासा ओढून आणण्याचं काम रीळ करतं, असा सर्वसाधारण समज आहे. ते काम काठी करते आणि काठी धरणाऱ्याची कंबर करते. रिळाचं मुख्य काम उलट दिशेचं. मासा जोर करून पळाला की दोरी तुटायच्या आत माघार घ्यायची आणि दोरी सोडत जायची, तीही हिसके न देता, एकसारख्या ताणाने. ज्या भागामुळे हे होतं त्याला गळवाले ड्रॅग म्हणतात. चकत्यांची एक चळत आणि तिच्यावर दाब देणारा चांदणीच्या आकाराचा नट, एवढाच तो प्रकार. घरातल्या विजेच्या जोडणीत फ्यूज जे करतो, तेच ड्रॅग रिळात करतो. तो घसरला तर सगळं वाचतं. तो घसरण्याआधी दुसरं काही सुटलं, वाकलं किंवा मोडलं, तर ते रीळ मुळात चुकीचं जमवलेलं आहे.

हे पुस्तक त्या 'दुसऱ्या काही'बद्दल आहे. कारखान्यातून आलेल्या रिळाचा एखादा धातूचा भाग काढून त्याच्या जागी लेथवर किंवा मिलिंग मशीनवर घडवलेला भाग बसवणं हा जगभरातल्या हौशी आणि व्यावसायिक कारागिरांचा उद्योग आहे. त्यात हौस भरपूर असते आणि मिरवणंही असतं. निळ्या-सोनेरी ॲनोडायझिंगची हँडल मला अनेकदा रिळापेक्षा लग्नाच्या वरातीत शोभतील अशी वाटतात. पण या सगळ्याच्या मुळाशी एक गंभीर प्रश्न आहे. एका जोरात ओढल्या जाणाऱ्या यंत्रात कुठला भाग सर्वांत आधी हरावा, हे ठरवायचं कुणी?

प्रश्न आकड्यांत मांडला की सोपा होतो. समजा, स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळायची फिरकी, दोरीने भरलेलं आहे, त्याची त्रिज्या 30 मिलिमीटर आहे आणि मासा 10 किलोच्या जोराने ओढतो आहे. स्पूलच्या दांड्यावर 11 दात्यांचा पिनियन आहे. तो 44 दात्यांच्या मोठ्या गिअरला भिडलेला आहे. मॉड्यूल 0.8 धरलं, तर पिनियनची पिच त्रिज्या येते 4.4 मिलिमीटर. म्हणजे दोरीवरचा 10 किलोचा ओढा पिनियनच्या दात्यापाशी पोचेपर्यंत 68 किलो झालेला असतो. मोठ्या गिअरमधून तो ड्रॅगच्या चकत्यांत जातो, चकत्यांतून मधल्या स्लीव्हमध्ये आणि स्लीव्हमधून रॅचेटमध्ये. रॅचेट उलटं फिरू नये म्हणून त्याच्या दात्यात एक खटका अडकलेला असतो. रॅचेटची त्रिज्या 8 मिलिमीटर असेल, तर त्या खटक्याच्या टोकावर 150 किलोचा भार येतो. खटका असतो नखाएवढा, आणि तो ज्या खुंटीवर फिरतो ती पुष्कळ रिळांत प्लॅस्टिकच्या किंवा पातळ पितळी पट्टीत बसवलेली असते.

आता मासा लांब पळाला, स्पूल रिकामं होत गेलं आणि त्रिज्या 15 मिलिमीटरवर आली. ड्रॅगला कुणी हात लावलेला नाही, तो तेवढ्याच टॉर्कला घसरतो आहे, म्हणून दात्यांवरचा भार पूर्वीइतकाच आहे. दोरीवरचा ताण मात्र दुप्पट, म्हणजे 20 किलो झाला. दोरी बहुतेक वेळा याच क्षणी तुटते आणि शिव्या दोरीच्या कंपनीला बसतात.

या हिशेबात कठीण असं काही नाही. शाळेतलं तरफेचं गणित आहे. तरीही रिळांचा सगळा इतिहास याच गणितात पुन्हापुन्हा अडकत आणि सुटत आलेला दिसतो, म्हणून त्याकडे थोडं पाहू.

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात पॅरिस नावाचं एक छोटं गाव आहे. तिथल्या जॉर्ज स्नायडर या घड्याळजी-चांदीकाम करणाऱ्या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुमारास गिअरचं रीळ बनवलं, हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे अनेक फेरे करणारं. इंग्लंडात अशी रिळं त्याआधीही विकली जात होती. पण स्नायडरच्या रिळाची सफाई वेगळी होती. पुढे त्याच राज्यातल्या फ्रँकफर्टमध्ये जोनाथन आणि बेंजामिन मीक हे भाऊ आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेला मिलम यांनी ही परंपरा चालवली. तेही घड्याळजीच. त्यांच्या रिळांच्या स्क्रूंवर आकडे घातलेले असत, कारण तीन नंबरचा स्क्रू तीनच नंबरच्या भोकात नेमका बसे. आज आपण ज्याला कस्टम पार्ट म्हणतो, ते तेव्हा अख्खं रीळच होतं. घड्याळाचा आणि रिळाचा हा संबंध नंतरही तुटला नाही. स्वीडनमधला आबू कारखाना 1921 साली घड्याळं बनवण्यासाठी निघाला, मग टॅक्सीमीटरकडे वळला आणि दुसऱ्या महायुद्धात टॅक्सीमीटरची मागणी आटल्यावर रिळांकडे आला.

केंटकीची रिळं नदीतल्या बास माशासाठी होती. समुद्रातल्या ट्यूनापुढे ती टिकणं शक्यच नव्हतं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर कॅटालिना नावाचं बेट आहे. तिथे चार्ल्स फ्रेडरिक होल्डर यांनी 1898 साली 183 पौंडांचा ट्यूना काठीने पकडून दाखवला आणि त्याच वर्षी ट्यूना क्लब काढला. त्या काळच्या रिळाला ड्रॅग नव्हता. मासा पळाला की हँडल स्पूलबरोबर उलटं गरगरायचं आणि बोटांवर आपटायचं. थांबवायचं साधन म्हणजे स्पूलवर अंगठ्याने दाबलेला चामड्याचा तुकडा. बोटं मोडल्याच्या कथा अतिशयोक्तीच्या वाटत असतील, तर वरचा हिशेब पुन्हा वाचावा. विल्यम बॉशेन नावाच्या सदस्याने एक तोडगा सुचवला: मोठ्या गिअरच्या पोटात घर्षणाच्या चकत्या बसवायच्या, म्हणजे हँडल स्थिर राहील आणि स्पूल घसरत फिरेल. ब्रुकलिनच्या ज्युलियस व्होम होफ यांनी ते घडवलं. 1913 साली बॉशेननी त्या रिळावर साडेतीनशे पौंडांहून जड तलवारमासा आणला. काठी आणि रिळाने तलवारमासा पकडल्याची ती पहिली नोंद मानली जाते. आजच्या प्रत्येक स्टार-ड्रॅग रिळाचं कूळ तिथे जातं, आणि ते रीळ एका गळवाल्याने कारागिराला सांगून घडवून घेतलेलं होतं, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं.

यानंतर ऑटो हेन्झ. जर्मनीतून आलेला हा यंत्रकारागीर 1932 साली फिलाडेल्फियात पेन कंपनी सुरू करतो आणि 1936 साली तिचं सेनेटर हे रीळ बाजारात येतं. सेनेटर सुंदर नाही. काळ्या बेकलाइटसारख्या कडक प्लॅस्टिकच्या साइडप्लेटा, भोवती क्रोमचं पाणी दिलेल्या धातूच्या कड्या, दोन बाजूंना जोडणारे स्क्रूने आवळलेले खांब. पण ते स्वस्त होतं, दणकट होतं आणि साध्या पेचकसाने पूर्ण उघडता येत होतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पेनने भागांना दिलेले क्रमांक. मॉडेल कुठलंही असो, मोठ्या गिअरचा क्रमांक 5 ने सुरू होणार, पिनियनचा 13 ने, ड्रॅगच्या चकतीचा 6 ने, हँडलचा 15 ने, स्पूलचा 29 ने. मॉडेलचा आकडा त्यानंतर. एका रिळाचा भाग दुसऱ्यात बसतो का, हे यादी पाहून कळू लागलं. मीक बंधूंच्या आकडेवाल्या स्क्रूपासून हा प्रवास बरोबर उलट्या टोकाला पोचला: तिथे प्रत्येक स्क्रूला एकच भोक, इथे एका भागाला अनेक रिळं. माझ्या मते सुट्या भागांचा सगळा जोडधंदा उभा राहिला तो या कंटाळवाण्या दिसणाऱ्या क्रमांकांवर. भाग ठरावीक मापाचा आहे आणि लाखो रिळांत तोच आहे म्हटल्यावर, तो जास्त चांगला बनवून विकण्यात अर्थ होता.

चांगला बनवण्याची गरज दोरीने निर्माण केली. आधीची लिननची दोरी ओली होई, कुजे, रोज वाळवावी लागे. पण स्पूलला छळत नसे. नायलॉनची एकतंतू दोरी आली आणि तिने एक नवीन खोड दाखवली. ताणाखाली ती लांबते. ताणलेल्या अवस्थेत स्पूलवर गुंडाळली की आखडायला बघते, आणि शेकडो वेढ्यांचं हे आखडणं स्पूलच्या दोन्ही कडा बाहेर ढकलतं. प्लॅस्टिकची स्पुलं यात अक्षरशः फुटली. मग कॅलिफोर्नियात कार्ल न्यूएल यांच्यासारख्यांनी पेनच्या रिळांसाठी ॲल्युमिनियमची स्पुलं बनवायला घेतली. ती बळकट होती आणि क्रोम चढवलेल्या पितळी स्पुलांपेक्षा पुष्कळ हलकी असल्यामुळे गळही लांब जात असे.

स्पूल सुधारलं, तर फ्रेम उघडी पडली. सॅन दिएगोहून मेक्सिकोच्या समुद्रात कित्येक दिवसांच्या सफरीवर जाणाऱ्या बोटींवरचे लोक पिवळ्या पंखांच्या मोठ्या ट्यूनाच्या मागे असत. जड ताणाखाली खांबांची फ्रेम पिळवटायची. दोन साइडप्लेटांतली समांतरता गेली की स्पूलचा दांडा बेअरिंगमध्ये तिरका होतो, पिनियन आणि मोठा गिअर दात्यांच्या टोकांवर भिडतात आणि ऐन वेळी दाते उडतात. उपाय म्हणून ॲल्युमिनियमच्या एकसंध ठोकळ्यातून कोरून काढलेल्या फ्रेमा आल्या. कॅलिफोर्नियातल्या कोरोना शहरातली ॲक्युरेट ही विमानांचे भाग बनवणारी शॉप, टिब्युरॉन, अशी काही नावं या कामातून पुढे आली. ॲक्युरेटने नंतर स्वतःची रिळं काढली. ज्यांना विमानाच्या भागांची मापं पाळायची सवय होती, त्यांना रिळाची फ्रेम म्हणजे सुट्टीचा अभ्यास वाटला असणार.

नव्वदच्या दशकात पॉलिएथिलीनची विणलेली दोरी आली, आणि साखळीतली पुढची कडी सुटली. ही दोरी तेवढ्याच जाडीत नायलॉनच्या कितीतरी पट ताण घेते आणि जवळजवळ लांबत नाही. म्हणजे लहान रिळावर मोठ्या ताणाची दोरी मावू लागली. दोरी तीस किलो सोसते म्हटल्यावर ड्रॅगही वाढवायचा मोह होणारच. जुन्या चकत्या काढून कार्बनच्या चकत्या घातल्या की ड्रॅग वाढतो, गुळगुळीतही होतो. आणि मग नखाएवढा खटका, किंवा ज्या पितळी स्लीव्हवर सगळं बसलंय ती स्लीव्ह मोडते. चूक स्लीव्हची नसते. ती ज्या ड्रॅगसाठी बनवली होती, तो दुप्पट करून तिला कुणी विचारलंच नाही.

एक भाग बळकट केलात की मोडण्याची पाळी पुढच्या भागावर जाते, एवढं एक सूत्र मनात ठेवून पुढची प्रकरणं वाचावीत. भाग कसा करायचा हे लेथवर बसणाऱ्या कुणालाही शिकवता येतं. कुठला भाग करायचा आणि कुठला मुद्दाम तसाच ठेवायचा, यात कारागिराची परीक्षा आहे.

याचं मला आवडणारं उदाहरण दोन खटक्यांचं. एका खटक्यावर 150 किलो येतात, तर दोन खटके बसवू, प्रत्येकावर 75 येतील, असा विचार कुणालाही सुचेल. कागदावर तो बरोबर आहे. पण दोन्ही खटके एकाच क्षणी आपापल्या दात्याला टेकले तरच. एकाच्या खुंटीचं भोक दहावा हिस्सा मिलिमीटरने पुढे-मागे झालं, तर पहिला खटका सगळा भार घेतो आणि दुसरा शोभेला राहतो. उलट आता मालकाला वाटतं की रीळ दुप्पट बळकट झालं, म्हणून तो चांदणी आणखी आवळतो. अशा जोडकामात दोन्ही खुंट्यांची भोकं एकाच सेटिंगमध्ये, रॅचेटच्या मध्यापासून मोजून काढली पाहिजेत. नाही तर एकच खटका ठेवावा, मात्र चांगल्या पोलादाचा.

धातूंच्या निवडीवर वेगळं प्रकरण आहे. इथे दोन-तीनच गोष्टी. खाऱ्या पाण्यासाठी 'स्टेनलेस' एवढं म्हणून भागत नाही. 303 हे कापायला सोपं, पण त्याला सोपं करणारं गंधकच गंजाला वाट देतं. 316 समुद्रात टिकतं, मात्र टूल घासत राहिलं की पृष्ठभाग कडक होत जातो. काप द्यायचा तर ठाम द्यावा. गिअर, स्लीव्ह आणि खटक्यांसाठी 17-4 पीएच उत्तम. ते मऊ अवस्थेत कापून नंतर सुमारे 480 अंश सेल्सिअसला तासभर ठेवलं की कडक होतं, आणि या प्रक्रियेत माप फारसं हलत नाही. मोठा गिअर आणि पिनियन दोन्ही एकाच स्टेनलेसचे मात्र करू नयेत. दाबाखाली सारखे पृष्ठभाग एकमेकांना चिकटून खरवडले जातात. एक ब्राँझचा आणि दुसरा पोलादी, ही जुनी जोडी उगाच टिकलेली नाही.

ॲल्युमिनियमचा तिढा वेगळाच. 6061-टी6 कापायला सुखाचं. पण स्टेनलेसचा स्क्रू त्यात बसवून वर खारं पाणी दिलं की गंजतं ते ॲल्युमिनियम, स्क्रू नव्हे. वर्षभराने स्क्रू फिरत नाही आणि फिरवलाच तर आटे बरोबर घेऊन येतो. जोडताना आट्यांना ग्रीस लावणं ही यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी पायरी आहे. ॲनोडायझिंगने बचाव होतो, पण तो थर अर्धा धातूच्या आत आणि अर्धा बाहेर वाढतो. 20 मायक्रॉनचा थर दिला, तर बेअरिंगच्या बोअरचा व्यास 20 मायक्रॉनने लहान होतो. ॲनोडायझिंगच्या आधी छान बसणारं बेअरिंग नंतर हातोडीशिवाय जात नाही, आणि हातोडीने गेलेलं बेअरिंग फुकट गेलेलं असतं. बोअर आधीच तेवढा मोठा ठेवावा किंवा ती जागा झाकायला सांगावी.

हे सगळं मराठीत का, असं कुणी विचारेल. कॅलिफोर्नियातल्या माणसाला तुटलेला भाग टपालाने घरी येतो. कोकणच्या खडकांवरून जिताडा, तांबोशी, गोब्रा यांच्या मागे असलेल्या किंवा खाडीत रात्र काढणाऱ्या आपल्या गळवाल्याला जुन्या परदेशी रिळाचा पिनियन मिळवायचा तर कुणाच्या तरी भाच्याला सुट्टीत येताना आणायला सांगावं लागतं. त्याच वेळी भोसरीत, कोल्हापूरच्या उद्यमनगरात, नाशिकच्या सातपूरला असे टर्नर आहेत, की ज्यांना दोन-पाच शतांश मिलिमीटर सांभाळणं हे रोजचं काम वाटतं. या दोघांची गाठ क्वचित पडते. पडली तरी संवाद जमत नाही. गळवाला तुटका पिनियन टेबलावर ठेवून 'सेम टू सेम करून द्या' म्हणतो. टर्नर तो मापतो आणि झीज धरून हुबेहूब नक्कल करतो. नवा पिनियन पहिल्या दिवसापासून म्हातारा.

म्हणून ड्रॉइंगचा आग्रह मी या पुस्तकात जागोजागी धरला आहे. सरळ दात्यांच्या गिअरचं मॉड्यूल काढायला दाते मोजावेत, त्यात दोन मिळवावेत आणि बाहेरच्या व्यासाला त्या संख्येने भागावं. 44 दाते आणि 36.8 मिलिमीटर व्यास असेल तर 0.8. अमेरिकन रिळांत माप इंचांत असतं, त्यामुळे मॉड्यूलचा आकडा विचित्र निघाला तर दचकू नये. पिनियनला हे सूत्र लावू नये. 17 पेक्षा कमी दाते असले की मुळाशी दाता कातला जातो. ते टाळण्यासाठी कारखाने त्याचा व्यास मुद्दाम वाढवतात, आणि सूत्र फसतं. भरवशाचं माप एकच, ते म्हणजे दोन दांड्यांच्या मध्यांतलं अंतर, आणि ते घ्यायचं असतं फ्रेमवरून. सरळ दात्यांचा गिअर, रॅचेट आणि खटका वायर-कटवर कडक केलेल्या पोलादातूनच कापून घेता येतात, आणि ही सोय आता आपल्या औद्योगिक वसाहतींत सहज मिळते. तिरक्या दात्यांना ते जमत नाही. तिथे हॉबिंगच लागतं, आणि एका नगासाठी हॉबिंग करून देणारा भला माणूस शोधावा लागतो. पाचशे नगांची ऑर्डर घेणाऱ्या शॉपने एका पिनियनसाठी मशीन थांबवावं ही अपेक्षा रास्त नाही. चार मित्रांची गरज एकत्र करून जावं.

स्पूलबद्दल एकच सांगतो. दोन्ही टोकांचे बेअरिंगचे बोअर आणि बाहेरची कड शक्य तोवर एका धरणीत कापावी. चकमध्ये उलटं धरून दुसरी बाजू कापलेलं स्पूल हातात फिरवलं तर छान वाटतं. गळ फेकताना ते मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगाने फिरतं, तेव्हा थरथरतं आणि दोरीचा गुंता करतं.

नवशिक्याने सुरुवात कुठून करावी याबद्दल मतभेद आहेत. माझं मत हँडलच्या बाजूने आहे. हँडलचा दांडा लांब केला की तरफ वाढते, फरक लगेच हाताला कळतो, आणि माप थोडं चुकलं तरी आत काही मोडत नाही. मग ड्रॅगच्या धातूच्या चकत्या. मग स्लीव्ह आणि खटका. फ्रेम त्यानंतर. गिअर सर्वांत शेवटी, आणि मूळ गिअर बाजारात मिळत असेल तर तोही नाही. कारखान्यात कापलेल्या गिअरपेक्षा चांगला गिअर घरी होत नाही. ज्या रिळाला कारखान्याने दिलेला ड्रॅग पुरतो, त्याला काहीही करू नये. अशी रिळं संख्येने जास्त आहेत आणि हे लिहिल्याने पुस्तकाचा खप कमी झाला तरी हरकत नाही.

ड्रॅग वाढवण्याआधी वरचा हिशेब स्वतःच्या रिळाची मापं घालून एकदा करावा. साधा ताणकाटा दोरीला लावून, ड्रॅग घसरताना तो किती दाखवतो हे स्पूल भरलेलं असताना आणि अर्धं रिकामं असताना, दोन्ही वेळा लिहून ठेवावं. आणि बदललेला जुना भाग भंगारात देऊ नका. झिजलेला असला तरी दाते, आटे आणि भोकांची जागा त्यावरूनच कळते. पिशवीवर रिळाचं मॉडेल आणि काढल्याची तारीख लिहून ठेवा.